झरणीला तरफ देणारा जवाहिऱ्या

भांडुपला कारखान्यांचे भोंगे घड्याळाचे काम करीत असत त्या काळात इथल्या मराठी घरांतून दोन वस्तू विशेष जपल्या जात. एक मनगटी घड्याळ आणि दुसरे फाउंटन पेन. आज ज्याला लालबहादूर शास्त्री मार्ग म्हणतात त्या आग्रा रोडवरच्या कारखान्यांत टाइमकीपर, स्टोअरकीपर वा हिशेबनीस असलेली माणसे सदऱ्याच्या खिशाला पेन अडकवल्याशिवाय घराबाहेर पडत नसत. बहुतेकांचे पेन देशी असे, ड्रॉपरने शाई भरायचे. पण एखाद्याच्या खिशाला परदेशी पेन दिसे. कोणा मामाने बोटीवरच्या नोकरीतून आणलेले, किंवा साहेबाने निवृत्त होताना दिलेले. ती माणसे आता राहिली नाहीत. इमारतींचा पुनर्विकास निघाला, कपाटे रिकामी झाली, आणि पत्र्याच्या डब्यांतून अशी काही पेने नातवंडांच्या हाती आली. पेनाच्या अंगावर एक बारीकशी धातूची पट्टी दिसते. ती नखाने उचलली की काटकोनात उभी राहते आणि सोडली की परत आपल्या खाचेत जाऊन बसते. पेन कानाशी धरून हलवले तर आत काहीतरी खुळखुळते. ही पट्टी कशासाठी, आणि आत काय खुळखुळते, हे सांगणारे घरात कोणी उरलेले नसते.

पट्टीच्या शेवटच्या टोकाकडे किंवा निबवर भिंगातून पाहिले तर कधी कधी शेफर हे नाव दिसते. ती पट्टी, म्हणजे शाई भरण्याची तरफ, फाउंटन पेनाच्या अंगात बेमालूम बसवणारा माणूस तोच. वॉल्टर शेफर. तो शास्त्रज्ञ नव्हता, इंजिनिअरही नव्हता. अमेरिकेच्या आयोवा प्रांतातल्या एका छोट्या गावात सोन्याचांदीचे दागिने आणि घड्याळे विकणारा तो एक दुकानदार होता, आणि वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी त्याने आयुष्यभराची सारी पुंजी या एवढ्याशा पट्टीवर लावली.

वॉल्टर शेफर यांचा जन्म २७ जुलै १८६७ रोजी आयोवातील ब्लूमफील्ड येथे झाला. वडील जेकब शेफर यांचे गावात जवाहिऱ्याचे दुकान होते. घर खाऊनपिऊन सुखी म्हणावे असे. पण वडिलांनी एका विमा योजनेत पैसे गुंतवले आणि ते बुडाले. प्रतिष्ठित दुकानदाराच्या मुलाला शाळा अर्धवट सोडावी लागली. छापखान्यात उमेदवारी, किराणा दुकानात हरकाम्या, अशी कामे करीत त्यांचे पौगंडवय सरले. पुढे ते आसपासच्या गावांत जवाहिऱ्यांकडे नोकरीला राहिले, घड्याळांचे काम शिकले आणि १८८८च्या सुमारास वडिलांच्या दुकानात भागीदार म्हणून परतले. त्याच वर्षी नेली डेव्हिस यांच्याशी त्यांचा विवाह झाला.

कर्ज आणि दिवाळे यांची सावली ज्या घरावर पडते त्या घरातली मुले दोन प्रकारची निघतात. काही जन्मभर जोखीम घ्यायला भितात. काही हिशेब चोख करून मगच जोखीम घेतात. शेफर दुसऱ्या प्रकारातले. याची पहिली चुणूक दिसली ती पेनाच्या नव्हे, घड्याळाच्या धंद्यात. सीअर्स, माँटगोमेरी वॉर्ड यांसारख्या बड्या टपालविक्री कंपन्यांचे जाडजूड कॅटलॉग त्या काळी घरोघर पोहोचत होते. शेतकरी घरबसल्या स्वस्त घड्याळे मागवू लागले आणि खेड्यातल्या दुकानदारांचा धंदा बसला. शेफर यांनी कॅटलॉगच्या भावाशी भाव लावून स्वस्त घड्याळे दुकानात मांडली, आणि त्यांच्या शेजारी कॅटलॉगात न मिळणारी हॅमिल्टन कंपनीची उत्तम घड्याळे ठेवली. गिऱ्हाईक स्वस्ताच्या ओढीने येई आणि दोन्ही हातात घेऊन पाहिल्यावर बहुधा महागाचे घेऊन जाई. चांगली वस्तू शेजारी ठेवली की ती स्वतःच बोलते, ही खूणगाठ त्यांनी तेव्हा बांधली असावी. पुढे पेनाच्या धंद्यात त्यांनी नेमके हेच केले.

१९०६ साली शेफर कुटुंब फोर्ट मॅडिसन येथे आले आणि त्यांनी तिथले जवाहिऱ्याचे दुकान विकत घेतले. मिसिसिपी नदीच्या पश्चिम काठावरचे हे गाव रेल्वे, कारखाने आणि प्रांताचा मोठा तुरुंग यांच्यासाठी ओळखले जाई. रेल्वेने वाढवलेल्या गावांची जातकुळी जगभर सारखीच असते. मुंबईहून ठाणे, कल्याण आणि पुढे घाटापर्यंत लोहमार्ग न्यावा ही कल्पना सरकारी मुख्य अभियंता जॉर्ज क्लार्क यांना १८४३ साली भांडुपच्या भेटीत सुचली, अशी नोंद आहे. मिठागरे आणि भातशेती यांच्या या गावाचे पुढे काय झाले ते आपण पाहतोच. फोर्ट मॅडिसन भांडुपइतके फुगले नाही, एवढाच फरक.

त्या काळची पेने कशी होती हे समजल्याशिवाय शेफर यांच्या कल्पनेचे मोल कळणार नाही. १८८४ साली लुइस वॉटरमन यांनी निबखालच्या जिभेत बारीक नाळ्या कोरून शाईचा प्रवाह काबूत आणला होता. लिहिण्याचा प्रश्न सुटला, भरण्याचा मात्र तसाच राहिला. पेनाचा गळा फिरवून काढायचा, काचेच्या ड्रॉपरने दौतीतली शाई ओढायची, ती पोकळ नळीत थेंबथेंब सोडायची आणि गळा पुन्हा घट्ट बसवायचा. दिवाणखान्यात टेबलाशी बसून हे ठीक होते. प्रवासात, कचेरीत, शेतावर ते जमत नसे. बोटे, बाह्या आणि कागद हमखास शाईत न्हात. आपल्याकडे तर देशी पेनांच्या बाबतीत हा सोहळा पुढे कित्येक दशके चालू राहिला. परीक्षेला जाताना खिशात ड्रॉपर ठेवणारी पिढी अजून हयात आहे.

यावर पहिला सोयीस्कर तोडगा टोलेडो शहरातल्या रॉय कॉन्कलिन यांनी काढला. पेनाच्या नळीत रबराची पिशवी, तिच्यावर धातूची पट्टी आणि त्या पट्टीला जोडलेली, नळीबाहेर डोकावणारी एक चंद्रकोर. चंद्रकोर अंगठ्याने दाबली की पिशवी चपटी होई, सोडली की फुगताना शाई ओढून घेई. मार्क ट्वेन यांच्यासारखा लोकप्रिय लेखक या पेनाची जाहिरात करीत असे. पण पेनाच्या अंगावर उठलेले ते कुबड दिसायला विचित्र होते आणि लिहिताना हाताला लागेही. कंपनीने या उणिवेलाच गुण ठरवले होते: कुबडामुळे पेन टेबलावरून घरंगळत नाही, अशी जाहिरात ती करी.

१९०७ साली शेफर यांच्या वाचनात कॉन्कलिनची जाहिरात आली. दुकानात ते स्वतः ही पेने विकत होते. जाहिरात वाचून त्यांच्या मनात आले ते असे की, कुबडाची एवढी वाखाणणी करावी लागते याचा अर्थ ते लोकांना नको आहे. पिशवी दाबायची युक्ती ठेवून कुबड घालवता येईल काय? घड्याळजीच्या हाताला बारीक स्प्रिंगा, खिळी आणि बिजागऱ्या यांची सवय होती. दुकानामागच्या खोलीत त्यांनी नळीच्या अंगाला एक लांबट खाच पाडली, खाचेत एका बारीक खिळीवर फिरणारी तरफ बसवली आणि तरफेच्या आतल्या टोकाने दाबली जाईल अशी पट्टी पिशवीवर ठेवली. तरफ मिटली की ती नळीच्या पृष्ठभागाशी एकजीव होऊन जाई. बाहेर काहीच डोकावत नसे.

त्यामागचे तत्त्व शाळेतले पोर सांगू शकेल. तरफ उचलली की आतली पट्टी पिशवी दाबते आणि पिशवीतली हवा निबवाटे बुडबुड्यांनी शाईत निघून जाते. तरफ मिटली की पिशवी स्वतःच्या लवचिकतेने पूर्ववत फुगू लागते, आत निर्वात जागा होते आणि बाहेरच्या वातावरणाचा दाब दौतीतली शाई आत ढकलतो. म्हणून तरफ सोडल्याबरोबर निब दौतीतून काढायचे नसते. दहा अंक मोजेपर्यंत ते शाईत राहू द्यायचे. पिशवी सावकाश भरते. उतावळ्या माणसाचे पेन अर्धेच भरत असे आणि दोष मात्र पेनाला मिळे.

२५ ऑगस्ट १९०८ रोजी शेफर यांना या रचनेचे पेटंट मिळाले. यानंतर चार वर्षे त्यांनी काही केले नाही. निदान बाहेरून तसे दिसते. पेटंट हाती होते, वय चाळिशी ओलांडून गेले होते, दुकान बरे चालले होते, मुलगा क्रेग शाळेत होता. बाजारात वॉटरमन, पार्कर, कॉन्कलिन यांच्यासारख्या कंपन्यांची घट्ट मांड होती आणि लहानसहान पेनवाल्यांची तर गणतीच नव्हती. असा कारखाना काढणे म्हणजे वडिलांच्या वाटेने जाणे, अशी शंका त्यांना आली नसेल तरच नवल. ज्याच्या बापाचे पैसे दुसऱ्याच्या योजनेत बुडाले त्याने स्वतःच्या योजनेतही शंभरदा विचार करावा यात गैर काय? मला तर शेफर यांच्या आयुष्यातला हा न बोलता गेलेला काळ सर्वांत मोलाचा वाटतो. शोध लावायला त्यांना फार वेळ लागला नाही. त्यावर विश्वास ठेवायला चार वर्षे लागली.

या काळात ते रचनेवर काम करीत होते. मूळच्या तरफेत सुधारणा करून त्यांनी १९१२ साली दुसरे पेटंट घेतले आणि त्याच वर्षी धंद्यात उडी घ्यायचे ठरवले. कॉन्कलिनची पेने विकण्याचा अनुभव असलेले जॉर्ज क्रेकर आणि बेन कूलसन त्यांना येऊन मिळाले. दुकानामागच्या खोलीत सात माणसे पेने जुळवू लागली. १९१३ साली शेफर पेन कंपनी रीतसर नोंदवली गेली. भांडवल ३५,००० डॉलर. त्या काळी ही रक्कम लहान नव्हती आणि त्यात शेफर यांची आयुष्यभराची बचत होती. पेन चालले नसते तर जवाहिऱ्याचे दुकानही गेले असते.

पेन चालले. इतके चालले की लगेच त्याच्या नकला सुरू झाल्या, आणि सर्वांत जिव्हारी लागणारी नक्कल घरातूनच निघाली. क्रेकर वेगळे झाले आणि स्वतःची तरफेची पेने काढू लागले. प्रकरण न्यायालयात गेले आणि काही वर्षे रेंगाळले. नवख्या कंपनीला बाजारातल्या स्पर्धेपेक्षा वकिलांची बिले लवकर संपवतात. शेफर यांची कंपनी तगली, पण तरफेवरची मक्तेदारी काही त्यांना राखता आली नाही. वॉटरमन कंपनीने १९१५ साली छोट्या चौकटीत बसवलेली स्वतःची तरफ आणली आणि बघता बघता बहुतेक पेनवाल्यांनी आपापल्या परीने तिचे अनुकरण केले. पार्करने तेवढी तरफ टाळून पेनाच्या शेपटीला दाबायचे बटण दिले. एरवी पुढची वीस-पंचवीस वर्षे फाउंटन पेन म्हणजे तरफेचे पेन असेच समीकरण झाले. आपल्याकडे अशा पेनाला खटक्याचे पेन म्हणत, आणि ते म्हणणाऱ्यांना शेफर यांचे नाव ठाऊक असण्याचे कारण नव्हते.

पहिल्या महायुद्धात घरापासून दूर गेलेल्या लाखो सैनिकांना पत्रे लिहायला पेने हवी होती. मागणी वाढली आणि १९१७ साली कंपनी फोर्ट मॅडिसनमधल्या एका जुन्या नांगराच्या कारखान्यात हलली. इथे आपल्याकडची एक आठवण निघणे अपरिहार्य आहे. शेफर यांच्याहून दोनच वर्षांनी लहान असलेले लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी बेळगावात सायकलींच्या दुकानापासून सुरुवात केली, लोखंडी नांगर काढला आणि १९१० साली कुंडल रोडच्या माळावर किर्लोस्करवाडी वसवली. लोखंडी नांगर विषारी असतो, त्याने जमीन नासते, असे समजणाऱ्या शेतकऱ्यांशी लक्ष्मणरावांना झगडावे लागले. शेफर यांचा झगडा निराळा होता. त्यांच्या गिऱ्हाइकाला पेन हवे होते. फक्त ते स्वस्तात हवे होते. दोघांचीही सुरुवात दुकानापासून झाली, दोघांचेही शिक्षण अर्धवट आणि दोघांचेही हात यंत्रात रमणारे. एकाने नांगराचे गाव उभे केले, दुसऱ्याने नांगराच्या जागी पेन आणले.

१९२० साली शेफर यांनी जे केले ते व्यापारी मंडळींना वेडेपणाचे वाटले असेल. चांगली पेने तीन डॉलरच्या आत मिळत असताना त्यांनी पावणेनऊ डॉलरचे पेन बाजारात आणले. निब जाड सोन्याचे, आणि ते मालकाच्या हयातभर टिकेल अशी हमी. नाव दिले लाइफटाइम. ब्लूमफील्डच्या दुकानात स्वस्त घड्याळाशेजारी हॅमिल्टन ठेवणारा दुकानदार तो हाच. लोक पेने हातात घेऊन पाहत आणि महागाचे घेऊन जात. १९२२ साली स्क्रिप ही शाई आली. १९२४ साली काळ्या कडक रबराऐवजी चकचकीत सेल्युलॉइडची हिरवी पेने आली आणि त्यांच्या टोपणावर पांढरा ठिपका दिसू लागला. १९२५च्या सुमारास अमेरिकेतल्या पेनविक्रीचा जवळजवळ चौथा हिस्सा या कंपनीकडे होता असे तिचा इतिहास सांगतो. १९२९ साली दोन्ही टोकांना निमुळते होत गेलेले बॅलन्स हे पेन निघाले आणि सपाट टोकांची पेने एकाएकी जुनाट वाटू लागली.

हयातभराच्या हमीत मात्र एक मेख होती. सोन्याच्या निबाला हयातभर काही होत नाही हे खरे, पण पेनातली रबरी पिशवी कोणाच्याही हयातीला पुरत नाही. दुरुस्तीसाठी पेन पाठवणाऱ्याकडून कंपनी ३५ सेंट हाताळणी-खर्च म्हणून घेत असे. अन्य पेन कंपन्यांचीही हीच रीत होती. १९४०च्या दशकात अमेरिकी सरकारच्या व्यापार आयोगाने या प्रकाराला हरकत घेतली. पैसे घ्यायचे आणि हमी बिनशर्त म्हणायची, हे चालणार नाही असा त्याचा आक्षेप होता. ३५ सेंट ही क्षुल्लक रक्कम. पण आयोगाचे म्हणणे रास्त होते असे आजही वाटते. मोठ्या अक्षरातली हमी आणि बारीक अक्षरातला खर्च हा खेळ तेव्हापासूनचा आहे.

आता ती पिशवी. कपाटातून निघालेल्या पेनात जे खुळखुळते ते तिचे अवशेष. रबर वयोमानाने एकतर काचेसारखे कडक होऊन तुटते, नाहीतर वितळून डिंकासारखे नळीला चिकटते. मुंबईच्या दमट हवेत दुसरा प्रकारही पुष्कळ आढळतो. पिशवी गेली म्हणजे पेन गेले असे समजून अनेकांनी अशी पेने भंगारात दिली. वास्तविक तरफेच्या पेनाइतके दुरुस्तीला सोपे यंत्र दुसरे नाही. मुंबईत पदपथावर लहानशी पेटी मांडून बसणारे पेनदुरुस्तीवाले हे काम अर्ध्या तासात करीत. ते आता जवळजवळ दिसेनासे झाले, पण कृती लोपलेली नाही आणि ती घरी करता येते.

पहिली गोष्ट धीराची. जुन्या शेफर पेनांत बहुधा गळा आट्यांचा नसतो. तो नळीत घट्ट बसवलेला असतो. तो ओढण्याआधी कोरडी ऊब द्यावी लागते, हाताला सोसेल एवढीच. सेल्युलॉइड ज्वालाग्राही आहे. मेणबत्ती, लायटर वा गॅसची शेगडी यांच्या आसपासही असे पेन नेऊ नये. पाण्यात भिजवणेही नको. कडक रबराची नळी पाण्याने आणि उन्हाने तपकिरी पडते आणि आतली पोलादी पट्टी गंजते. थोडी ऊब, थोडा पीळ, पुन्हा ऊब. गळा हळूच सैल होतो. जोर लावला तर नळीचा काठ तडकतो आणि त्याला मात्र खरेच इलाज नाही.

आतले रबराचे तुकडे टोकदार काडीने खरवडून काढायचे, तरफ उचलून पट्टी हलते की नाही ते पाहायचे. पट्टी गंजून तुटली असेल तर ती बदलावी लागते. नसेल तर अर्धे काम झाले. नव्या पिशव्या अजूनही तयार होतात. त्यांचा क्रमांक म्हणजे इंचाच्या चौसष्टाव्या भागात मोजलेली जाडी. सोळा क्रमांकाची पिशवी पाव इंच जाड. पिशवी नळीच्या तळाला टेकणार नाही इतकी आखूड कापायची. लांब राहिली तर ती दुमडते आणि पेन कधीच पुरते भरत नाही. मग गळ्याच्या मागच्या बोंडीवर लाखेचा पातळ थर द्यायचा, पिशवीचे तोंड त्यावर चढवायचे आणि रात्रभर वाळू द्यायचे. दुसऱ्या दिवशी पिशवीला बाहेरून शंखजिऱ्याची पूड चोळायची म्हणजे ती पट्टीला चिकटत नाही. सुवासिक टाल्कम पावडर वापरू नये.

लाख हाच यातला मर्माचा भाग आहे. चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळवली की जी पातळ खळ होते तीच जगभरचे पेनदुरुस्तीवाले वापरतात. ही लाख पळस, कुसुम, बोर यांच्या फांद्यांवर वाढणाऱ्या किड्यांपासून मिळते आणि तिचा मोठा पुरवठा भारतातूनच होत आला आहे. म्हणजे आयोवातल्या पेनाची पिशवी धरून ठेवणारा पदार्थ आपल्या रानातून गेलेला असण्याचा संभव बराच. घाईच्या माणसाला वाटते, सुपरग्लू का नको? कारण सुपरग्लू कायमचे धरते. लाख शाईला दाद देत नाही, पण ऊब दिली की सोडते. पुन्हा वीस-तीस वर्षांनी पिशवी बदलण्याची वेळ येईल तेव्हा त्या वेळच्या कारागिराला पेन उघडता आले पाहिजे. सिलिकॉनच्या पिशव्या टिकाऊ असतात, पण लाख त्यांना धरत नाही. तरीही फिकट रंगाच्या पेनांचे काही मालक त्याच पत्करतात, कारण नैसर्गिक रबरातून निघणाऱ्या वायूने सेल्युलॉइड काळवंडते. जुन्या हिरव्या शेफरचे टोपण पाचूसारखे आणि नळी मात्र शेवाळी दिसते ती त्यामुळेच.

आपल्या रचनेची ही मर्यादा खुद्द शेफर यांना ठाऊक होती. त्यामुळेच कंपनीने १९३०च्या दशकात पिशवीवाचून भरणारे, दट्ट्याचे पेन काढले. दट्ट्या ओढून एका झटक्यात आत ढकलला की निर्वातामुळे नळी शाईने भरे. शाई जास्त मावत असे, नळीतून ती दिसतही असे. पण त्यातले वायसर झिजले की दुरुस्ती म्हणजे डोकेदुखी. आज संग्राहकांकडे तरफेची पेने जितक्या सहज चालू होतात तितकी दट्ट्याची होत नाहीत. जुनी युक्ती नवीपेक्षा सरस ठरली असे म्हणणे धाडसाचे होईल. ती नवीपेक्षा सोपी होती एवढे नक्की.

१९३८ साली वॉल्टर शेफर यांनी कंपनीची सूत्रे मुलगा क्रेग याच्याकडे सोपवली आणि स्वतः सल्ल्यापुरते उरले. मंदीचा काळ कंपनीने निभावून नेला होता. जवाहिऱ्याच्या दुकानातल्या सात माणसांच्या जागी आता गावाचा मोठा भाग तिच्यावर पोट भरत होता. फोर्ट मॅडिसनमध्ये शेफर म्हणजे गावातला एक कारखाना नव्हे, गावाचा कारखाना झाला होता. कारखान्याच्या भोंग्यावर ज्यांच्या घरची चूल पेटे त्या भांडुपकरांना हा फरक समजावून सांगावा लागणार नाही.

आयुष्याच्या अगदी अखेरीस त्यांना आपल्या धंद्याचा शेवट दिसला असेल काय? २९ ऑक्टोबर १९४५ रोजी न्यूयॉर्कच्या गिंबेल्स या दुकानात रेनॉल्ड्सचे बॉलपेन विक्रीला आले. किंमत साडेबारा डॉलर. पहिल्याच दिवशी सुमारे दहा हजार पेने खपली. ती गळत, मध्येच बंद पडत, अक्षर धड उमटत नसे. पण त्यांत भरायचे काहीच नव्हते. ड्रॉपर नाही, चंद्रकोर नाही, तरफ नाही. चाळीस वर्षे ज्या प्रश्नावर शेफर यांचे आयुष्य उभे होते तो प्रश्नच या नव्या पेनाने रद्द केला होता. शेफर कंपनीलाही पुढच्याच वर्षी स्वतःचे बॉलपेन काढावे लागले. त्याच १९४६ सालच्या जून महिन्यात वॉल्टर शेफर यांचे निधन झाले. ते ७८ वर्षांचे होते.

त्यांच्यामागे कंपनीने शाई भरण्याच्या युक्त्यांचा नाद सोडला नाही. १९४९ साली हवेच्या दाबाने पिशवी दाबणारे टचडाउन आले आणि १९५२ साली स्नॉर्केल. निबखालून एक बारीक नळी बाहेर येई, ती शाईत बुडवायची आणि निब कोरडेच राही. यंत्र म्हणून ते अद्भुत होते. इतके की उघडलेले स्नॉर्केल पुन्हा जुळवताना भल्याभल्यांना घाम फुटतो. भारतात या सुमारास परदेशी मालाच्या आयातीवर निर्बंध आले आणि अशी पेने ज्यांच्याकडे होती त्यांनी ती अधिकच जपून वापरली. शाई मात्र इथलीच चाले. मुंबईत दांडेकर बंधूंनी १९३१ साली शाईच्या पुड्या आणि वड्यांपासून सुरू केलेला उद्योग तोवर कॅमलच्या दौतीपर्यंत आला होता. शाळांतून बॉलपेनला मज्जाव होता, अक्षर बिघडते म्हणून. त्यामुळे अमेरिकेत फाउंटन पेन मागे पडल्यावरही इथे ते पुष्कळ वर्षे रोजच्या वापरात राहिले.

शेफर कुटुंबाकडून कंपनी १९६६ साली टेक्स्ट्रॉन या उद्योगसमूहाकडे गेली. १९९७ साली ती घेतली बिक कंपनीने, स्वस्त बॉलपेन जगभर पोहोचवणाऱ्या त्याच बिकने. या शतकाच्या पहिल्या दशकात फोर्ट मॅडिसनमधले उत्पादन बंद झाले. २०१४ साली मालकी क्रॉसकडे आली आणि २०२२ साली बंगळुरूच्या विल्यम पेन या भारतीय कंपनीने शेफर हे नाव विकत घेतले. आजच्या शेफर फाउंटन पेनात शाईची कुपी बसते, किंवा फिरवून शाई ओढणारा कन्व्हर्टर. तरफ त्यातल्या कशातही नाही.